एकतीस ऑगस्टचा फोन

वाल सोलायला बसलं की माणसं खरं बोलतात, असं मधुमतीचं ठाम मत होतं, आणि म्हणूनच गेली नऊ वर्षं ती स्वतः वाल सोलताना जरा जपून असे. हात गुंतलेले असतात, नजर ताटात असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मग पोटातलं सुटतं. विलायतेत, स्लाऊच्या ह्याच घरात, ह्याच टेबलाशी बसून तिची नणंद नीना नवऱ्याला कायमची सोडून आल्याचं बोलली होती. ह्याच टेबलाशी मुलगी आसावरी म्हणाली होती की मला वरच्या खोलीतल्या रामिरोशी लग्न करायचंय, आणि तिच्या बाबांच्या, राजीवच्या, चिमटीतला वाल उडून फ्रिजखाली गेला होता. त्यानंतर राजीव होणाऱ्या जावयाशी दीड वर्ष बोलला नाही, आणि तो वाल अजूनही फ्रिजखालीच असावा.

आज श्रावणातला पहिला शनिवार. बॉयलरच्या कपाटात उबेला ठेवून मोड आणलेले किलोभर वाल कोमट पाण्यात पडले होते आणि टेबलाभोवती पाच जण हात ओले करून बसले होते. राजीव एक वाल सोलून चष्म्यावरून बघायचा, मग दुसरा घ्यायचा. ट्रेडिंग इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामाची तीस वर्षं देखरेख केलेला माणूस, घाई म्हणून त्याला ठाऊक नव्हती. नीना हॅरोहून सकाळीच आली होती आणि वालापेक्षा बोलण्यातच तिचे हात जास्त चालत होते. आसावरी आणि रामिरो कार्डिफहून आले होते. त्यांची आठ वर्षांची तनिषा बाहेर झोपाळ्यावर होती. सगळ्यांत भरभर सोलत होता तो रामिरो. बोटं केळ्यांएवढी, नाक दोनदा मोडलेलं, पण वाल त्याच्या चिमटीतून असा सुटायचा की वाटावं हा आपल्यासारखा जन्मानंच कायस्थ आहे.

तो एकोणीस वर्षांचा असताना समुद्रापलीकडच्या मोन्तेविदेओहून, इटालियन आजोबांमुळे मिळालेल्या पासपोर्टवर, एक बॅग घेऊन ह्या दारात उभा राहिला होता. जवळचा फुटबॉल क्लब परदेशातून आलेल्या पोरांना कुटुंबांत ठेवायचा. आसावरी शिकायला कार्डिफला गेलेली, वरची खोली रिकामी, म्हणून मधुमती हो म्हणाली. पहिल्या दिवशी त्यानं वालाचं बिरडं चमच्यानं बाजूला सारलं. तिसऱ्या आठवड्यात तो पातेलं पुसून खात होता. तेव्हापासून ती त्याची काकू, आणि लग्नानंतरही काकूच राहिली. 'आई म्हण' असं नीनानं त्याला बरेचदा सुचवून पाहिलं, तो म्हणायचा, आई तिकडे एक आहे, काकू दुसरी नाही.

तेव्हापासून सोळा वर्षं, पाच क्लब, चारशे बारा सामने, सगळे खालच्या विभागांतले. जागा एकच: मागच्या फळीत, मधोमध. गोल कोणी केला ह्याच्याशी मधुमतीला सोयरसुतक नव्हतं. थर्मास मांडीवर धरून ती फक्त पाच नंबरच्या शर्टाकडे बघायची, आणि समोरचा हल्ला त्याच्या अंगावर येऊन विरला की घोटभर चहा घ्यायची. चांगल्या सामन्याला थर्मास अर्ध्या वेळातच रिकामा होई.

मे महिन्यात शेवटच्या क्लबनं त्याला फुलं देऊन निरोप दिला. आता पस्तीस वर्षांच्या माणसापुढे दोन वाटा होत्या. एक, कार्डिफच्या अकॅडमीत मुलांना बचाव शिकवायचा. दुसरी मोन्तेविदेओची. ज्या क्लबनं त्याला तेराव्या वर्षी मैदानाच्या गॅलरीखालच्या खोलीत ठेवून वाढवलं, तिथं दीड वर्ष खेळून मग बूट कायमचे टांगायचे. त्यांच्याकडे ती रीतच आहे. बाहेर जाऊन आलेला खेळाडू शेवटी आपल्या माणसांसमोर खेळतो. क्लबचे म्हातारे अध्यक्ष दोन महिने थांबले होते. आज चार वाजता ते फोन करणार होते, आणि हो की नाही ते आज सांगायचं होतं.

रामिरोनं नाही म्हणायचं ठरवलं होतं. हे त्यानं आल्या आल्या, बूट काढता काढताच सांगून टाकलं, आणि मधुमतीच्या जिवाला थंडावा मिळाला. तनिषा इथंच राहणार. शुक्रवारी संध्याकाळी एम-फोर हायवेवरून त्यांची गाडी येत राहणार.

राजीवनं तर अकॅडमीची बाजू आधीच घेतली होती. पेन्शन, नियमित वेळ, पोरीची शाळा, असं त्याचं पद्धतशीर चाललं होतं. नीना प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होती. दोघं भावंडं एरवी चहात साखर किती ह्यावरसुद्धा भांडायची, आज मात्र एका सुरात बोलत होती. आसावरी गप्प होती. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीचा अख्खा विभाग चालवणारी बाई, गप्प बसली की समजावं काहीतरी शिजतंय.

"मी करिअर ब्रेक मागून ठेवलाय," ती शेवटी म्हणाली. "एटीन मन्थ्स. मिळालापण. तनिषाचा स्कूल पण बघून झाला तिकडे. मला जायचंय, बाबा. हाच नाही म्हणतोय."

राजीवचा हात पाण्यातच राहिला. त्यानं विचारलं, हे कधी ठरलं. आसावरी म्हणाली, ठरलं कुठे, मी फक्त तयारी केली. ह्याच्या नोकरीमागे मी इतकी वर्षं गावं बदलली नाहीत, हाच माझ्या हॉस्पिटलजवळ राहून रोज दोन-दोन तास ड्राइव्ह करत राहिला, आता एकदा तरी मी ह्याच्या मागे जाईन. नीनानं एकदम पक्ष बदलला. म्हणाली, पोरीचं बरोबर आहे दादा, दीड वर्ष म्हणजे काय जन्म नव्हे. राजीवनं बहिणीकडे असं पाहिलं की मागच्या दिवाळीतलं भांडण पुन्हा उकरलं जाणार असं मधुमतीला वाटलं.

पण तिचं लक्ष रामिरोकडे होतं. तिनं त्याला विचारलं, मग तुझं का नाही रे.

त्यानं ताटातले पाच-सहा सोललेले वाल उचलले आणि टेबलावर ओळीनं मांडले. सामना समजवायचा झाला की तो असंच करायचा. ऑफसाइड तिला त्यानं ह्याच टेबलावर वालांनी शिकवला होता. मधला एक वाल बोटानं मागे सरकवला, ओळीच्या बाहेर, दोन बोटं अंतरावर.

"हा मी," तो म्हणाला. "दोन पावलं मागे. नऊ वर्षं असाच खेळलो. वळताना मी सावकाश आहे काकू, म्हणून मागे उभा राहतो. इथं चालतं. तिथं ज्यांनी मला तेरा वर्षांचा बघितलंय, त्यांच्यासमोर नको. ते ओळखतील."

वळताना सावकाश. ते शब्द कुठून आले हे त्या टेबलाशी फक्त तिला ठाऊक होतं, आणि थोडंफार नीनाला. नीनानं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला.

नऊ वर्षांपूर्वीची ती एकतीस ऑगस्ट. खेळाडूंना क्लब बदलायची मुदत त्या दिवशी संपते, हे फुटबॉलच्या घरात राहणाऱ्या कुणालाही पाठ असतं. लग्नाला चार महिने झालेले, दोघं अजून वरच्याच खोलीत राहत होते. आसावरी कामावर गेलेली, तिसरा महिना, तोंडाला चव नाही. रामिरो आदल्या दिवशीच्या सामन्यानं दमून वर झोपलेला, आणि त्याचा फोन इथं, केटलशेजारी चार्जिंगला लावलेला. साडेतीन वाजता तो वाजला. मधुमतीनं उचलला. रामिरोचा एजंट होता, धापा टाकत बोलत होता. उत्तरेकडचा, सगळ्यांत वरच्या विभागातला एक क्लब, रामिरो हवाय, आठच्या आत डॉक्टरी तपासणीला पोचला पाहिजे, उठवा त्याला.

ती म्हणाली, "ही इज स्लीपिंग. कॉल टुमॉरो." एजंट म्हणाला, उद्याला काही अर्थ नाही, उद्या दार बंद असेल. तिला इंग्रजी चांगलं समजत होतं. तिनं फोन ठेवला आणि भांडी पुसायच्या फडक्यांच्या खणात सारला. तिथं तो अजून दोनदा वाजला.

सहाला रामिरो खाली आला, खणातला फोन सापडला, तिथं कसा गेला हे न विचारताच त्यानं उलट फोन केला. तोवर एजंटानं आपल्याच दुसऱ्या एका पोराला उत्तरेला पाठवून दिलं होतं, आणि हे लपवायला तो सरळ खोटं बोलला: त्यांनी तुझी चौकशी केली, मग टेप पाहिल्या, वळताना सावकाश आहे म्हणाले आणि नको म्हणाले. रामिरो बराच वेळ केटलशेजारी उभा होता. मधुमतीला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, ही गोष्ट ती स्वतःशीसुद्धा कधी बोलली नव्हती.

नीनाला तिनं दुसऱ्या दिवशी अर्धं सांगितलं. पिठोरी अमावास्या लागली होती, अशा दिवशी शुभकार्याला माणूस घराबाहेर काढायचा कसा, म्हणून थांबवलं. नीनालाही ते पटलं. ती म्हणाली होती, बरं केलंस वहिनी, आणि आता ह्यावर ब्र काढू नकोस. दोघींनी ते नऊ वर्षं पाळलं होतं.

घड्याळात सव्वातीन झाले होते. मधुमतीनं हातातला वाल खाली ठेवला. एवढंच करायचं की गप्प बसायचं. पंचेचाळीस मिनिटांनी तो नाही म्हणेल आणि शुक्रवारी गाडी येत राहील. जन्मभर ह्या पोराच्या पानात वाढताना नजर चुकवावी लागेल, लागू दे. पण तो दोन बोटं मागे सरकवलेला वाल तिच्यासमोर होता, आणि तो तिला बघवेना.

"तू सावकाश नाहीस," ती म्हणाली.

नीना हळूच म्हणाली, "वहिनी, नको."

"तुला कुणी नको म्हटलंच नव्हतं, रामिरो. तो फोन मी घेतला होता. त्यांना तूच हवा होतास. मी म्हटलं झोपलाय."

मग तिनं सगळं सांगितलं, खणातल्या फडक्यांपर्यंत. नीना मध्ये पडली, म्हणाली, अरे अमावास्या होती रे, मीसुद्धा तेच म्हटलं असतं, वहिनीचा एकटीचा दोष नाही. नणंद आपल्यासाठी ओढून-ताणून भांडतेय हे बघून मधुमतीला भरून आलं, पण आज तिला ती पळवाट नको होती.

"अमावास्या मला नंतर आठवली, नीना. फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर बघितलं. काहीतरी कारण सापडावं म्हणून बघितलं, आणि सापडलं. खरं एवढंच की आसावरीला दिवस गेले होते, आणि ती उत्तरेला जाईल, बाळ तिकडे होईल, हे मला सोसवलं नसतं."

बाहेर झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

सगळ्यांत आधी आसावरी भडकली. तिचं मराठी अशा वेळी पार विस्कटायचं. तिनं विचारलं, आई, तुला कल्पना आहे का, ह्याचा गुडघा कशामुळे गेला. रोज सकाळी, नाइन इयर्स, गार्डनमध्ये प्लास्टिकचे कोन मांडून हा वळण्याचा ड्रिल करतो. मी सांगून थकले की लोड जास्त होतोय. म्हणायचा, मी स्लो आहे. आणि तो स्लो नव्हताच. राजीव तिला शांत करायला गेला तर तिनं त्यालाही सोडलं नाही, विचारलं, तुम्हाला माहीत होतं? राजीव म्हणाला, नाही. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं. त्यात राग होता, आणि त्याहून जास्त धक्का होता, की हिशेबी म्हणून आजवर सगळे मलाच नावं ठेवत आले.

रामिरो उठून मागच्या बागेत गेला.

खिडकीतून तो दिसत होता. कुंपणापाशी हिरवळीत ताटाएवढा एक टक्कल पडलेला गोल होता. ह्या घरात राहायचा तेव्हा रोज, आणि पुढे जेव्हा जेव्हा यायचा तेव्हा, तो तिथंच वळायचा. राजीवनं तीनदा बी पेरून पाहिलं, गवत धरलं नाही. रामिरो त्या गोलापाशी थांबला. तनिषानं झोपाळ्यावरून काहीतरी विचारलं, तो पायानं त्या गोलातली माती सपाट करत राहिला. मधुमतीनं मनाची तयारी केली. तो आत येईल, आसावरीला म्हणेल चल, आणि पुढचे कित्येक दिवस ह्या दारात गाडी थांबणार नाही. ओरडला तरी तिला चालणार होतं. कधी ओरडला नव्हता, हीच अडचण होती.

दहा मिनिटांनी तो आला. हात धुतले, आपल्या खुर्चीवर बसला, आणि पातेल्यातून एक वाल घेतला.

"काकू, एजंट काय म्हणाला? त्याचे शब्द सांगा. बरोबर तेच."

नऊ वर्षांत एक अक्षर हललं नव्हतं. "दे वॉन्ट हिम," मधुमती म्हणाली. "नॉट द अदर बॉय. ओन्ली हिम."

"ओन्ली हिम," तो म्हणाला.

"हो."

त्यानं तो वाल सोलला. दुसरा घेतला, तोही सोलला. मानेवरची शीर उडत होती, पण हात तसाच सराईत चालला होता. आसावरी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, त्यानं तो तिथं ठेवू दिला.

"मी रागावलोय," तो म्हणाला. "खूप. उद्यापण असणार, ख्रिसमसलापण असेन. तुम्ही फार वाईट केलं, काकू. मी काय झालो असतो, मला कधी कळणार नाही." त्यानं तिसरा वाल घेतला. "पण ते परत एकदा सांगा."

तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, पण तिनं आपणहून सांगितलं, आणि ह्या वेळी राजीवही ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. म्हणाला, वरचा विभाग म्हणजे शनिवारी टीव्हीवर दाखवतात तो? रामिरो म्हणाला, तोच, राजीवकाका. राजीव म्हणाला, अरे मग तू कमी नव्हतासच, आम्ही उगाच पोरांना शिकवायला पाठवत होतो तुला. हे बोलताना आपण बाजू सोडली हे त्याच्या लक्षात आलं, आणि ती पुन्हा पकडायचा त्यानं प्रयत्न केला नाही. नीना डोळे टिपत म्हणाली की दादानं आयुष्यात पहिल्यांदा मत बदललं, तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

आसावरी आईशी बोलत नव्हती. पण तिनं टेबलावरचे मांडलेले वाल पाहिले, बोट पुढे केलं आणि मागे पडलेला तो एक वाल पुन्हा ओळीत आणला. मग थोडा आणखी पुढे.

"गुडघ्याचं काय?" रामिरोनं तिला विचारलं.

"दीड वर्ष मी तो चालवून दाखवते. तू फक्त ते सकाळचे सर्कल्स बंद कर."

तो हसला नाही, पण मानेवरची ताठलेली शीर जरा सैल झाली. मग सगळे पुन्हा सोलू लागले, कारण पातेलं अर्धंसुद्धा झालं नव्हतं आणि बिरडं काही आपोआप होत नाही. मधुमतीनं मनात मोजून पाहिलं: दीड वर्ष म्हणजे अठ्ठ्याहत्तर शुक्रवार. तनिषाचे आणखी काही दात पडून नवे आलेले असतील. परत येईल तेव्हा मराठी किती उरली असेल, आणि जावयाच्या मनात आपण किती उरलेल्या असू. रडावंसं वाटलं, पण ह्या टेबलाशी आज रडायचा पहिला हक्क तिचा नव्हता.

चारला दोन मिनिटं असताना फोन वाजला. नेहमीसारखा केटलशेजारी, चार्जिंगला. रामिरोचे दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात होते, आसावरीचेही, आणि मधुमती सगळ्यांत जवळ होती. सगळे तिच्याकडे बघत राहिले. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तिनं मान वळवली नाही.

तिनं पदराला हात पुसले आणि फोन उचलला. पलीकडून एका म्हाताऱ्या आवाजानं खरखरत विचारलं, रामिरो?

"ही इज नॉट स्लीपिंग," मधुमती म्हणाली. "ही इज हिअर. वन मिनिट प्लीज."

फोन घेऊन ती टेबलापाशी आली आणि त्याच्या कानाला लावून उभी राहिली. त्याचे हात ओले होते, म्हणून तो हो म्हणेपर्यंत तिनंच तो धरून ठेवला.